टायरवरचे आकडे कोण वाचणार?

चिकोडी-निपाणी परिसरातून गोव्याकडे येणाऱ्या वाहनांची वर्दळ वर्षभर सुरू असते. बेळगाव जिल्ह्यातील भाजीपाला गोव्याच्या बाजारात पोहोचतो आणि सुट्टीच्या दिवशी पर्यटकांच्या मोटारीही किनाऱ्याकडे धावतात. निपाणीहून राष्ट्रीय महामार्ग ४८ वरून बेळगाव गाठायचे आणि पुढे जांबोटी, कणकुंबीमार्गे चोर्ला घाट उतरून साखळीत यायचे, हा त्यांतील अनेकांचा नित्याचा मार्ग. पठारावरील महामार्गाचा वेग आणि पावसाळ्यात घाटातला निसरडा उतार, या दोन्ही परीक्षा टायरला एकाच प्रवासात द्याव्या लागतात. त्याची क्षमता किती, हे त्याच्या अंगावरच छापलेले असते. पण ते वाचण्याची सवय वाहनचालकांना नाही आणि वाचायला लावणारी व्यवस्थाही नाही.

मोटारीच्या टायरवर ‘१८५/६५ आर १५ ८८ एच’ असे लिहिलेले असेल, तर १८५ ही मिलिमीटरमधील रुंदी, ६५ म्हणजे रुंदीच्या तुलनेत टायरच्या बाजूची टक्क्यांतील उंची, ‘आर’ म्हणजे रेडियल आणि १५ हा रिमचा इंचातील व्यास. सुरक्षिततेचा खरा संबंध शेवटच्या दोन खुणांशी आहे. ८८ म्हणजे ८८ किलो नव्हे; तो भारांक असून त्याचा अर्थ एका टायरवर कमाल ५६० किलो भार, तोही हवेचा दाब योग्य असताना. ‘एच’ म्हणजे ताशी २१० किलोमीटरची वेगमर्यादा. मालवाहू पिकअपच्या टायरवर ‘१०६/१०४’ असे दोन भारांक आढळतात. चाक एकेरी असल्यास ९५० किलो, जोडचाक असल्यास प्रत्येकी ९०० किलो, असा त्यांचा अर्थ. हंगामात गाडी शिगोशीग भरताना हा आकडा किती जण पाहतात?

आणखी एक चार अंकी आकडा असतो. ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झालेला टायर. गाडी फारशी धावली नसली, तरी ऊन आणि हवेमुळे रबर कालांतराने कडक होते, त्याला बारीक भेगा पडतात. खाचा खोल दिसतात, म्हणून जुना टायर निर्धोक ठरत नाही. वापरलेले टायर विकत घेणाऱ्यांनी तर हा आकडा सर्वप्रथम पाहायला हवा.

कायदा मात्र प्रामुख्याने खाचांचीच खोली मोजतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम ९४ नुसार ती मोटारींसाठी किमान १.६ मिलिमीटर, तर दुचाकी व तीनचाकींसाठी ०.८ मिलिमीटर असावी लागते. समृद्धी महामार्गावरील अपघातांनंतर महाराष्ट्राच्या परिवहन विभागाने २०२३ मध्ये टायर तपासणी हाती घेतली, तेव्हाही भर झिजलेल्या टायरांवरच होता. २०२२ च्या केंद्रीय अधिसूचनेने ओल्या रस्त्यावरील पकडीचे निकष आणले. ते कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या टायरला लागू होतात, पाच वर्षे उन्हात राहिलेल्या टायरची आजची पकड त्यातून कळत नाही.

तपासणीतील अंतर हा त्याहून मोठा दोष आहे. व्यावसायिक वाहनाला पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. खासगी मोटारीची अशी तपासणी नोंदणीच्या नूतनीकरणावेळी, म्हणजे पंधरा वर्षांनी होते. तोपर्यंत तिचे टायर कितीदा बदलले आणि कोणते बसवले, याची नोंद कोठेही राहत नाही.

उपाय खर्चिक नाहीत. योग्यता तपासणीत प्रत्येक टायरचा भारांक आणि निर्मितीचा आठवडा नोंदवावा. विक्रीच्या पावतीवर हीच माहिती लिहिणे बंधनकारक करावे. पावसाळ्यापूर्वी कर्नाटक आणि गोव्याच्या परिवहन विभागांनी घाटाच्या दोन्ही टोकांना संयुक्त तपासणी करावी. उसगावात एमआरएफचा कारखाना असलेल्या गोव्याला टायरविषयीचे ज्ञान दुरून आणावे लागणार नाही.

पाटीवर मराठी असावी की कन्नड, हा वाद सीमाभागात दशकानुदशके चालत आला आहे. टायरवरची रोमन अक्षरे आणि आकडे मात्र दोन्ही भाषकांना सारखेच परके आहेत. त्यांचा अर्थ सांगणारा एक साधा फलक जांबोटीत कन्नड व मराठीतून, साखळीत मराठी व कोकणीतून लागला, तर घाटात शिरण्यापूर्वी चालक निदान एकदा वाकून टायर पाहील.