मोफताचा कडता

घोटीची बाजारपेठ भातावर उभी राहिली. इगतपुरी तालुक्याच्या डोंगरउतारांवरचे भात येथे यावे, गिरणीत भरडले जावे आणि मुंबई-आग्रा महामार्गाने दूरवर जावे, हा क्रम पिढ्यानपिढ्या चालत आला आहे. अशा पेठेत हिशोबपट्टीचे मोल सर्वांना ठाऊक असते. वजन, भाव, हमाली, तोलाई ही प्रत्येक रक्कम पट्टीवर स्वतंत्र लिहिलेली असली, की शेतकरी ती वाचतो, पटले नाही तर विचारतो आणि मगच उठतो. पट्टीवर न दाखवता वजनातून धरलेला कडता मात्र त्याला कायम खुपतो. त्यात किलो-दोन किलोच जातात. परंतु ते न सांगता जातात.

हाच कडता आता मोबाईलच्या पडद्यावर आला आहे आणि त्याने 'मोफत' हे नाव धारण केले आहे. 'सात दिवस विनामूल्य पाहा', 'एक रुपयात महिनाभर वापरा' असे आमंत्रण येते. चित्रपट, मुलांचा अभ्यास, भविष्यकथन, व्यायाम, दुकानाचे बिल करण्याची प्रणाली, विषय कोणताही असो. एक रुपया देण्यासाठी आपण यूपीआयचा पिन टाकतो, तेव्हा बहुधा एकाच वेळी दोन गोष्टी घडतात. रुपया जातो आणि पुढील वसुलीची कायम संमतीही नोंदवली जाते. त्या पडद्यावर 'ऑटोपे', कमाल रक्कम आणि वसुलीची मुदत लिहिलेली असते, परंतु दृष्टी 'एक रुपया' या मोठ्या अक्षरांवरच खिळलेली असते. आठव्या दिवसापासून रक्कम आपोआप वळती होऊ लागते. पुष्कळ जण ॲप काढून टाकतात आणि निश्चिंत होतात. ॲप काढल्याने संमती रद्द होत नाही. वसुली चालूच राहते.

व्यापारी घरांची रचना या प्रकाराला विशेष सोयीची आहे. एकाच खात्याला दुकानाचा, घरातील मुलाचा आणि आजोबांचा असे तीन फोन जोडलेले असतात. दिवसभरात शंभर नोंदी होत असताना १९९ रुपयांची एक नोंद कोणाच्या डोळ्यांत भरावी? मुनीमजी ती किरकोळ खर्चात टाकतात. प्रत्येकाला वाटते, दुसऱ्या कोणी तरी घेतले असेल. हिशोब मात्र सोपा आहे. दरमहा १९९ रुपयांची तीन सदस्यत्वे वर्षाला ७,१६४ रुपये नेतात. तांदळाच्या क्विंटलमागे पन्नास रुपये सुटतात असे धरले, तर १४३ क्विंटलांच्या विक्रीचा नफा कोणीही न वापरलेल्या वस्तूवर खर्ची पडला.

या व्यवहाराकडे कायद्याचेही लक्ष गेले आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ऑनलाइन विक्रीतील फसव्या रचनांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित केली. त्यांत १३ प्रकार नोंदवले असून 'सदस्यत्वाचा सापळा' हा त्यांपैकी एक आहे. सदस्यत्व रद्द करण्याची वाट लपवणे अथवा अवघड करणे, तसेच मोफत सदस्यत्वासाठीसुद्धा आपोआप वसुलीची संमती देणे भाग पाडणे, हे त्यात मोडते. रिझर्व्ह बँकेची व्यवस्था १ ऑक्टोबर २०२१ पासून पूर्णपणे लागू आहे. तिच्यानुसार अशा वसुलीपूर्वी किमान २४ तास आधी ग्राहकाला सूचना मिळाली पाहिजे आणि त्याला नकार देता आला पाहिजे. सूचना येतेही, परंतु जाहिरातींच्या संदेशांच्या ढिगात ती वाचली जात नाही.

हा रोग केवळ आपल्याकडचा नाही. अमेरिकेतील फेडरल ट्रेड कमिशनने २०२३ साली ॲमेझॉनविरुद्ध दावा लावला. त्यातील आरोपानुसार, प्राइम सदस्यत्व रद्द करण्याच्या लांबलचक प्रक्रियेला कंपनीतच 'इलियड' या प्रदीर्घ ग्रीक महाकाव्याचे नाव पडले होते. सप्टेंबर २०२५ मध्ये हा वाद अडीच अब्ज डॉलरवर मिटला. त्यांपैकी दीड अब्ज ग्राहकांना परत द्यावयाचे ठरले. जेथे इतके सुशिक्षित ग्राहक सापडतात, तेथे आपल्या घरातील वडीलधाऱ्यांना 'तुम्हाला कळत नाही' असे म्हणणे अन्यायाचे आहे. टोमण्याच्या भीतीने ते पुढच्या वेळी सांगणारच नाहीत आणि तोटा वाढत जाईल.

उपाय घरच्या घरी करता येतो. महिन्यातून एक दिवस ठरवून कुटुंबातील प्रत्येक फोनवरील यूपीआय ॲपमधील 'ऑटोपे' हा भाग उघडावा. चालू संमती तेथे दिसतात व तेथूनच रद्द करता येतात. कार्डावर दिलेल्या संमती बँकेच्या संकेतस्थळावर अथवा शाखेत विचारून पाहाव्यात. मोफत योजना घेतलीच, तर तिची अखेरची तारीख दुकानाच्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी. रद्द करण्यासाठी इंटरनेटवर सापडलेला कोणताही दूरध्वनी क्रमांक लावू नये. तेथे भामटे टपलेले असतात. कंपनी दाद देत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. उघड फसवणूक झाली असेल, तर विलंब न करता १९३० वर कळवावे. बँकेने तक्रारीवर ३० दिवसांत उत्तर दिले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते.

आणखी एक गोष्ट विक्रेते म्हणून आपल्यालाही लागू आहे. आपल्यापैकी अनेक तरुण आता ऑनलाइन विक्रीत उतरले आहेत. 'पहिला महिना मोफत ठेवा, पुढचे आपोआप सुरू होईल, निम्मे लोक विसरतातच', असा सल्ला त्यांना मिळत असतो. ग्राहकाच्या विसराळूपणावर बांधलेला नफा आपल्या परंपरेत कोणत्या खात्यावर लिहावा? न दिलेले घेणे म्हणजे अदत्तादान, आणि कमी-अधिक मापाने देणेघेणे हा अस्तेय व्रताचा अतिचार, हे लहानपणापासून कानांवर पडलेले आहे. ग्राहकाने पिन टाकला म्हणजे संमती नोंदवली गेली; ती त्याने समजून दिली की नाही, हा प्रश्न उरतोच. शंका आली, तर पेठेतील जुनी कसोटी लावावी: ही रक्कम पट्टीवर ठळक लिहून ग्राहकाच्या हाती देण्याची आपली तयारी आहे का? असेल, तर ती खुशाल घ्यावी. नसेल, तर तो कडता आहे.