प्रायश्चित्त म्हणजे माफी नव्हे

१/ “पंचहौद मिशनच्या चहाबद्दल रानडे आणि टिळक यांनी माफी मागितली,” असे कोणीतरी सहज लिहून जातो. हे विधान चुकीचे आहे. दोघांनीही कोणाची माफी मागितली नाही. त्यांनी प्रायश्चित्त घेतले. या दोन शब्दांतील अंतर पुसले की त्या प्रकरणात पुण्यात काय घडले तेच कळेनासे होते.

२/ ‘माफी’ हा अरबी मुळाचा शब्द फारसीतून मराठी दफ्तरांत आला. त्याचा अर्थ येणे सोडून देणे: सारा माफ, दंड माफ, आजची कर्जमाफी. माफ करणारा वर बसलेला, मागणारा दाराशी उभा. ‘क्षमा’ निराळी. ‘क्षम्’ म्हणजे सोसणे. म्हणून क्षमा ज्याने सोसले त्याच्याच हाती असते. (‘सक्षम’ हा शब्दही त्याच धातूचा आहे, हे सहसा ध्यानात येत नाही.) प्रायश्चित्तात मात्र देणारा कोणीच नाही. दोष कर्त्याला चिकटतो आणि विहित कर्म करून तो त्यानेच फेडायचा. शास्त्री केवळ कर्म कोणते ते सांगतो.

३/ ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणरावांचा खून केला. ‘ध’चा ‘मा’ कोणी केला, यावर पुणेकर आजही हिरिरीने बोलतात. वास्तविक खरी गोष्ट पुढची आहे. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी राघोबादादांना देहान्त प्रायश्चित्त सांगितले आणि चाकरी सोडून ते पुण्याबाहेर निघून गेले. याला केवळ फाशीची शिक्षा म्हणणे अपुरे आहे. शिक्षा सत्ताधीशाला टाळता येते, माफीही मिळवता येते. रामशास्त्र्यांचे म्हणणे असे होते की, या दोषाला दानदक्षिणेचा उतारा नाही.

४/ आता ऑक्टोबर १८९०. गोपाळराव जोशी यांच्या खटपटीने पंचहौद मिशनमध्ये पुण्यातील प्रतिष्ठित मंडळी जमली. चहा-बिस्किटे पुढे आली. कोणी घेतली, कोणी नुसता पेल्याला हात लावला. पुढे नावे ‘पुणे वैभव’मध्ये छापली गेली, ग्रामण्य उभे राहिले, तक्रार शंकराचार्यांपर्यंत गेली. आपण काशीस प्रायश्चित्त घेतल्याचे टिळकांनी सांगितले. रानड्यांनी १८९२ मध्ये घेतले.

५/ रानड्यांना चहात पाप वाटत नव्हते. बहिष्कारामुळे घरोघर कोंडी झालेल्या मित्रांसाठी त्यांनी ते केले. सुधारकांनी त्यांना भित्रे ठरवले, तो आरोप अन्यायाचा आहे. परंतु त्यांचा बचाव करणारेही एक गोष्ट झाकतात: दोष नसताना घेतलेले प्रायश्चित्त म्हणजे पंक्तीत परत बसण्याचा परवाना. ज्या शब्दाने एका पेशव्याचा जीव मागितला, तोच शंभर-सव्वाशे वर्षांत एका पेल्याच्या हिशेबाला जुंपला गेला. शब्दाची ही घसरण रानड्यांनी केली नाही. पान मांडायचे की नाही हे ठरवणाऱ्यांनी केली.

६/ तरीही जुना अर्थ निर्दोष होता, असे मानण्याचे कारण नाही. ज्याचे नुकसान झाले तो माणूस प्रायश्चित्ताच्या विधीत कोठेच नसतो. चहाच्या प्रकरणात असा कोणी नव्हताच. १७७३ मध्ये मात्र होता. नारायणरावांच्या पत्नी गंगाबाई त्या वेळी गरोदर होत्या. राघोबादादांच्या दोषाची आणि त्याच्या शुद्धीची चर्चा आजतागायत चालते. गंगाबाईंना कोणी काही विचारले होते का, हा प्रश्न त्या चर्चेत क्वचितच निघतो.