बंदुकीला कुंकू नव्हे, तेल हवे

खंडेनवमीला खेडोपाडी जाऊन पाहावे. सुताराचा वाकस, लोहाराचा घण, कुणब्याचा नांगर धुऊनपुसून मांडलेला असतो. ज्या घरी वाडवडिलांपासून आलेली बंदूक आहे, तेथे तीही खुंटीवरून उतरते. तिला हळदकुंकू लागते, झेंडूची माळ पडते, नारळ फुटतो. दसरा सरला की नांगर शेतात जातो, घण ऐरणीवर पडतो आणि त्यांच्या अंगावरचे कुंकू कामातच झडून जाते. बंदूक मात्र तशीच खुंटीवर चढते ती पुढल्या नवमीपर्यंत. नळीवरच्या ओल्या कुंकवाखाली गंज धरतो, आणि घरधनी समजतो की आपण वडिलांच्या वस्तूचा मान राखला! वाचकहो, आमचा प्रश्न साधा आहे. ज्या वस्तूपुढे आपण हात जोडतो, तिची आपल्याला ओळख किती? तिच्या नळीत काय आहे आणि तिच्या कागदावर काय लिहिले आहे, हे घरात कोणाला ठाऊक आहे?

प्रथम नळीचे पाहू. कोकणात व घाटमाथ्यावर शेतीराखणीसाठी ज्या बंदुका पिढ्यान् पिढ्या चालत आल्या, त्यांत ठासणीच्या बंदुका पुष्कळ. तोंडातून दारू ओतायची, वर बोळा, मग छर्रे, पुन्हा बोळा. हे सारे गजाने ठासायचे आणि मागे घोड्याखाली टोपी बसवायची. काळ्या दारूची राख ओल ओढून घेते. म्हणून बार काढल्यावर नळी गरम पाण्याने धुऊन, कोरडी करून, तेलाचा बोळा फिरवणे हा जुन्या जाणत्यांचा रिवाज होता. रिवाज गेला आणि नारळ तेवढा राहिला.

दुसरी गोष्ट त्याहून जोखमीची. आजोबांनी ठासून ठेवलेला बार वर्षानुवर्षे नळीत तसाच पडून असतो, आणि पोर घोडा ओढून पाहते. गज बाहेरून नळीशी लावून पाहावा व मग आत सोडावा. तो बुडापर्यंत गेला नाही तर आत काहीतरी आहे असे धरून चालावे, आणि ते काढण्याचे काम परवानाधारक बंदूक कारागिरावरच सोपवावे. बंदूक रिकामी, कुलपात, आणि दारूगोळा तिच्यापासून दूर दुसर्‍या कुलपात, हा नियम ज्या घरी पाळवत नसेल, त्या घरी बंदूक नसलेली बरी.

काही जुन्या दुनळी बंदुकांच्या नळीवर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी दिसते. ती वरून काढलेली नव्हे. लोखंड व पोलाद यांच्या पट्ट्यांना पीळ देऊन, त्या दांड्याभोवती गुंडाळून, तापवून ठोकून एकजीव केल्या, त्या पिळाची ती खूण. ज्याने भाता ओढला आहे त्यालाच तिची खरी किंमत कळेल. बंदूक मिरवणाराचे नाव घराण्यात राहिले. नळी ठोकणार्‍या लोहाराचे नाव कोठेही राहिले नाही. त्याची आठवण ठेवायची असेल तर ही नळी जपावी, आणि तीत आजच्या बिनधुराच्या दारूचे काडतूस कधीही घालू नये. तिच्या जोराने अशी जुनी नळी फुटू शकते.

आमच्या लोहारबंधूंना एक गोष्ट विशेष बजावून सांगतो. शेजारच्या पाटलाने बंदूक आणून दिली, घोडा सैल झाला आहे, जरा बसवून दे म्हणाला, तर हात जोडून परत पाठवावी. 1959 च्या शस्त्र कायद्याने बंदूक दुरुस्त करण्यासही परवाना लागतो. विनापरवाना दुरुस्तीला किमान 7 वर्षांची कैद आहे. पाटलाचा शब्द राखायला गेलेला कारागीर तुरुंगात जाईल आणि पाटील साक्षीलाही यायचा नाही.

आता कागदाचे. 1878 साली लॉर्ड लिटनच्या अमदानीत शस्त्रांचा कायदा झाला. हिंदी माणसाला परवान्यावाचून बंदूक बाळगणे गुन्हा ठरले, आणि गोर्‍याला मात्र त्यातून सूट मिळाली. त्यापूर्वी याच पुण्यात लहुजी वस्ताद साळवे यांच्या तालमीत जोतीराव फुले दांडपट्टा आणि नेमबाजी शिकले, हे जोतीरावांनी स्वतःच ‘गुलामगिरी’त नमूद केले आहे. मातंग वस्ताद आणि माळी शिष्य! त्या शिष्याने पुढे शूद्रातिशूद्रांना अक्षरओळख करून दिली, कारण हाती हत्यार असले तरी कागद वाचता येत नसेल तर मनुष्य नागवला जातो, हे त्यांनी पुरते ओळखले होते. पूर्वी कुळकर्ण्याच्या दप्तराने आम्हांला नाडले. आज कचेरीच्या दारातला दलाल नाडतो. फरक इतकाच की आज आपल्याला वाचता येते, तरी आपण वाचीत नाही.

म्हणून कायदा काय म्हणतो ते येथे उघड करून सांगतो. परवाना माणसाच्या नावे असतो, घराण्याच्या नावे नसतो. परवानेवाला वारला की त्याच दिवसापासून ती बंदूक घरात ठेवणे बेकायदा होते. वारसांनी ती विनाकारण विलंब न करता जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यावी. मग वारसाने जिल्हादंडाधिकार्‍याकडे, आणि आयुक्तालयाच्या शहरात पोलीस आयुक्ताकडे, आपल्या नावे परवान्याचा अर्ज करावा. मुदतीत कोणी दावा केला नाही तर ती सरकारजमा होऊ शकते. ‘बाबांची आठवण आहे, राहू द्या’ म्हणून ती कणगीआड ठेवली, तर 2019 च्या दुरुस्तीनंतर त्याला 2 ते 5 वर्षांची कैद आहे. आठवण जपण्याची ही फार महाग रीत झाली!

मरणापर्यंत थांबण्याचेही कारण नाही. 2016 च्या नियमांप्रमाणे परवानेवाल्याला 70 वर्षे पुरी झाली, किंवा त्याने ती बंदूक 25 वर्षे बाळगली, यांपैकी जे आधी घडेल तेव्हापासून हयातीतच वारसाच्या नावे परवाना मिळू शकतो. वडील बोलतेचालते आहेत, सही करू शकतात, भावाभावांत अजून वाकडे आलेले नाही, हीच वेळ खरी. आणि वारस म्हणजे थोरला मुलगाच, ही समजूत सोडावी. लेक वारस आहे, विधवाही वारस आहे. जमिनीच्या वाटणीत लेकीला ‘साडीचोळी घे आणि सही कर’ म्हणणारे आम्ही, बंदुकीच्या वेळी तर तिला विचारीतही नाही.

आणखी तीन गोष्टी ध्यानात असाव्यात. 2019 पासून एका माणसाला दोनच बंदुका बाळगता येतात, आणि वारशाने आलेली बंदूकही त्यात मोजली जाते. परवान्याची मुदत 3 वर्षांची होती ती 5 वर्षे झाली, पण मुदत संपते ती संपतेच. आणि ‘जुनी आहे, चालत नाही’ ही सबब पुरी पडत नाही. दुरुस्त करूनही जी बार काढू शकणार नाही तीच वस्तू कायद्याच्या बाहेर. दुरुस्तीने चालेल ती बंदूकच. निवडणुकीत बंदूक जमा करण्याचा हुकूम आला तर पावतीवाचून ती हातची सोडू नये, आणि निकालानंतर परत आणण्याचा आळस करू नये.

शेतीराखणीचा परवाना हाती आहे म्हणून रानडुकरावर बार टाकता येतो, असेही कित्येकांना वाटते. रानडुक्कर पीक लोळवून जाते आणि कुणबी रात्रभर माळ्यावर डबा बडवीत बसतो, हे दुःख आम्हांला ठाऊक आहे. पण बंदूक बाळगण्याचा परवाना वेगळा आणि जनावर मारण्याची परवानगी वेगळी. दुसरी परवानगी 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली वनखात्याकडून घ्यावी लागते. एका खात्याचा कागद दुसर्‍या खात्याला चालत नाही, आणि त्या दोन कागदांच्या मध्ये शेतकरी चिरडतो. सरकारने शेतकर्‍याला दोन दारे दाखवण्याऐवजी तालुक्याच्या गावी एकच दार उघडावे, ही आमची मागणी आहे.

वरातीत बार उडवणार्‍यांना काय म्हणावे? नवरदेव कर्जात, मांडव उधारीवर, आणि चुलता आकाशात गोळ्या झाडतो आहे! बडा घर पोकळ वासा तो हाच. वर गेलेली गोळी खाली येतेच, आणि ती कोणाच्या अंगावर यायची ते चुलता ठरवीत नाही. आनंदाच्या भरात दुसर्‍याच्या जिवाला धोका होईल असा बार काढणार्‍यास आता 2 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही आहेत.

मग बंदुकीचा शौक धरूच नये काय? जरूर धरावा; पण नेमाचा धरावा, आवाजाचा नव्हे. त्यासाठी हवाई बंदूक आहे. तिला दारू लागत नाही. कमानीच्या किंवा कोंडलेल्या हवेच्या जोराने साडेचार मिलिमीटरचा शिशाचा छर्रा सुटतो. साडेचार मिलिमीटरपर्यंतची आणि 20 ज्यूलपर्यंत जोराची असेल तर परवानाही लागत नाही. पण ती खेळणे नव्हे. तिचा छर्रा डोळा फोडतो; म्हणून लक्ष्यामागे छर्रा अडेल अशी भक्कम आड असावी, आणि पोराच्या शेजारी जाणता माणूस असावा. ती घेऊन होले, पारवे टिपीत हिंडणे हा पराक्रमही नव्हे आणि कायदेशीरही नव्हे.

स्पर्धेत 10 मीटरवरून जे लक्ष्य टिपायचे, त्यातला दहाचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर असतो. श्वास आवरावा लागतो, मन आवरावे लागते. तेथे घराणे विचारीत नाहीत आणि मिशीही पाहत नाहीत. 2022 साली ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील याच खेळात जगज्जेता झाला. पुढच्या पायरीवर दारूच्या काडतुसाच्या बंदुकीचे खेळ आहेत. त्यांत कोल्हापूरची तेजस्विनी सावंत 2010 साली म्युनिक येथे जगज्जेती झाली. 2018 च्या आशियाई स्पर्धेत त्याच कोल्हापूरच्या राही सरनोबतने पिस्तुलाचे सुवर्णपदक आणले. 2024 साली पॅरिसला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे 50 मीटर रायफलीत कांस्यपदक जिंकून आला. खेड्यातल्या पोराचा हात स्थिर नसतो असे म्हणणार्‍यांची तोंडे या मुलांनी बंद केली. पण अशी सामग्री महाग, आणि शिकवणारा शहरात. गावोगावच्या तालमींनी, शाळांनी, सोसायट्यांनी वर्गणी काढून एक चांगली हवाई बंदूक आणि एक शिकवणारा ठेवावा. यात्रेत तमाशावर एका रात्रीत उडणारा पैसा या कामी वर्षभर पुरेल.

तेव्हा शेतकरी व कारागीर बंधुभगिनींनो, या आठवड्यात एवढे करा. परवान्याचे पुस्तक पेटीतून काढा आणि घरातल्या शिकल्या मुलीकडून मोठ्याने वाचून घ्या: नाव कोणाचे, मुदत कोठपर्यंत, बंदुकीचा क्रमांक कोणता. क्रमांक नळीवरच्या क्रमांकाशी ताडून पाहा. नळीवरचे कुंकू पुसा, तेलाचा हात फिरवा, कुलूप लावा. आणि किल्ली कोणापाशी राहायची ते आजच ठरवा.