रविवारी दुकान बंदच बरं

जर्मनीत नोकरीनिमित्त गेलेल्या पुण्या-मुंबईच्या कुटुंबांची पहिल्या काही महिन्यांतली एक तक्रार ठरलेली असते. शनिवारी रात्री किराणा दुकानाचं दार बंद झालं की ते थेट सोमवारी सकाळी उघडतं. मध्येच दूध संपलं, अचानक पाहुणे आले, पिठाचा डबा तळाला गेला, तरी इलाज नाही. बेकरी सकाळी काही तास उघडी असते, पेट्रोल पंपावर नाहीतर मोठ्या रेल्वे स्थानकावर चढ्या भावात काहीबाही मिळतं, एवढंच. ईस्टरला तर शुक्रवार बंद, शनिवार उघडा, पुन्हा रविवार-सोमवार बंद. दहा मिनिटांत कोथिंबीर दारात यायची सवय झालेल्यांना हा मागासलेपणा वाटतो. मला तो त्या देशाचा शहाणपणा वाटतो. घर एकत्र बसायचं असेल तर सगळ्यांची सुट्टी एकाच दिवशी असावी लागते, आणि त्यासाठी त्या दिवशी दुकानं बंद ठेवावी लागतात.

ही नुसती जुनी रीत नाही. रविवार हा विश्रांतीचा दिवस म्हणून जपावा, हे 1919च्या वायमार राज्यघटनेतलं कलम आजच्या जर्मन राज्यघटनेचाही भाग आहे. दुकानांच्या वेळांचा कायदा 1956चा. तो पुढे बराच सैल झाला. पूर्वी कामाच्या बहुतेक दिवशी संध्याकाळी साडेसहाला बंद होणारी दुकानं 1996 पासून आठपर्यंत उघडी राहू लागली, 2003 पासून शनिवारीही आठपर्यंत, आणि 2006 मध्ये हा विषय राज्यांकडे गेला. बर्लिनने तर सोमवार ते शनिवार चोवीस तास मुभा दिली आणि नाताळाआधीचे चारही रविवार खुले केले. त्याविरुद्ध चर्च न्यायालयात गेली आणि 1 डिसेंबर 2009 रोजी घटना न्यायालयाने हे सलग चार रविवार रद्द ठरवले. निकालातला मुद्दा केवळ धर्माचा नव्हता. सर्वांची विश्रांती एकाच वेळी असण्यावरच कुटुंब, मैत्री आणि सार्वजनिक जीवन उभं राहतं, असं न्यायालयाने मांडलं. वडिलांची सुट्टी मंगळवारी, आईची गुरुवारी आणि मुलांची रविवारी असेल, तर घरात तीन सुट्ट्या असूनही एक दिवस मिळत नाही.

या कायद्याने घराची घडी कशी बसते, ते शनिवारी पाहावं. रिकाम्या बाटल्या पिशवीत भरून मुलं दुकानातल्या यंत्रापाशी जातात. एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या एका बाटलीमागे 25 सेंट परत मिळतात. ट्रॉलीसाठी नाणं आणि सामानासाठी पिशव्या घरूनच न्यायच्या. बसून काम करणारी कॅशियर इतक्या झपाट्याने वस्तू पुढे सरकवते की एकाने पैसे द्यायचे आणि दुसऱ्याने भरायचं, हेच सोयीचं. तूरडाळ, पोहे, कढीपत्ता यांसाठी भारतीय दुकानाची वेगळी फेरी. श्रीखंडाला मात्र तिथलंच क्वार्क चक्क्याच्या जागी चालून जातं. भाड्याच्या घरातला फ्रिज बहुधा ओट्याखाली मावेल एवढाच, म्हणून सोमवार सकाळपर्यंत काय लागेल याचा हिशेब आधी करावा लागतो. हा हिशेब आपल्याकडे बाईच्या डोक्यात असतो आणि कुणाला दिसत नाही, कारण विसरलेली वस्तू कोपऱ्यावरचा वाणी भरून काढतो. दुकान बंद होणार म्हटल्यावर हाच हिशेब कागदावर, सर्वांसमोर येतो. कायदा नवऱ्याच्या हातात पिशवी देत नाही, हे खरं. पण शनिवारी दोघांनाही सुट्टी असते आणि यादी भिंतीवर असते, तेव्हा ‘मला माहीतच नव्हतं’ म्हणायला जागा उरत नाही.

आक्षेप आहेत, आणि ते किरकोळ नाहीत. ज्याचा पवित्र वार शुक्रवार किंवा शनिवार आहे, त्याच्यावर रविवार का लादायचा? पण कोणता तरी एक वार ठरवल्याशिवाय सामायिक सुट्टी होतच नाही. परिचारिका आणि ट्रामचालक रविवारी राबतातच ना? राबतात, कारण त्यांच्याविना चालत नाही. औषधांची दुकानंही पाळीने उघडी असतात. कांद्यावाचून एक दिवस निभतं. सर्वात वजनदार आक्षेप असा की ऑनलाइन कंपन्या रविवारीही मागणी नोंदवतात, मग बिचाऱ्या दुकानदारानेच का थांबायचं? मात्र सातही दिवस उघडं ठेवणं मोठ्या साखळी दुकानांना परवडतं, त्यांच्याकडे पाळ्या लावायला माणसं असतात. नवरा-बायको मिळून चालवतात त्या भारतीय किराणा दुकानाला ग्राहक टिकवण्यासाठी सातवा दिवसही गल्ल्यावर बसावं लागेल. शिवाय लोक रविवारी दुकान उघडं म्हणून जास्त जेवत नाहीत. तेवढीच खरेदी सहाऐवजी सात दिवसांत विभागली जाते.

मराठी वाचकाला हे सगळं परकं वाटू नये. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून दिली ती नारायण मेघाजी लोखंडे यांनी. 10 जून 1890 रोजी मालकांनी ती मान्य केली. रविवार हा खंडोबाचा वार, हेही लोखंड्यांनी आपल्या बाजूने मांडलं होतं. आज महाराष्ट्राचा 2017चा दुकाने व आस्थापना कायदा दुकानाला वर्षभर, सातही दिवस उघडं राहू देतो आणि कामगाराला आठवड्यातून एक सुट्टी पाळीने देतो. ती सुट्टी विश्रांतीची आहे, कुटुंबाची नाही. घरपोच सामान आणणाऱ्या मुलाला तर कंपनी कामगारच मानत नाही, भागीदार म्हणते, त्यामुळे हक्काची पाळीही त्याच्या वाट्याला येत नाही. आपल्याकडे लगेच सगळा बाजार रविवारी बंद होणार नाही, तशी मागणीही मी करत नाही. पण दुकानातल्या प्रत्येक माणसाला महिन्यातून निदान दोन सुट्ट्या रविवारीच मिळाव्यात आणि उरलेल्या रविवारच्या कामाला जादा मजुरी असावी, हे नियमात लिहिणं सरकारला अवघड नाही.