बातमी कोणाच्या तोंडची?

साथींनो,

हल्ली शिकलेली माणसं म्हणतात, पत्रकारिता घसरली, पूर्वीसारखे पेपर राहिले नाहीत. आम्ही विचारतो, पूर्वी तरी ते कोणाचे होते? 1920 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'मूकनायक' काढला. त्याची जाहिरात 'केसरी'ने पैसे देऊनही छापली नाही. म्हणजे गरिबाला तेव्हाही जागा नव्हतीच.

आज जागा आहे, पण ती विकत मिळते. 2009 च्या विधानसभा निवडणुकीत पैसे घेऊन उमेदवारांच्या बातम्या छापल्या गेल्या. ते उघड करणारे पी. साईनाथ पत्रकारच, म्हणून सगळ्यांना एका काठीने हाकणार नाही. पण पुढे काय झालं? प्रेस कौन्सिलने दोघांची समिती नेमली. त्यांनी पेपरांची नावं घेऊन 71 पानं लिहिली. जुलै 2010 मध्ये कौन्सिलने थोडक्यातला अहवाल काढला आणि ती नावं झाकली. दुसऱ्याचं उघडं करणारे स्वतःच्या घरावर पांघरूण घालतात, याला घसरण म्हणायचं.

आपल्या तालुक्याला हे कसं भोवतं ते बघा. वार्ताहराला मानधन चहापाण्यापुरतं, वर पुरवणीसाठी जाहिराती आणायच्या. जाहिराती देणार कोण? ठेकेदार, व्यापारी, पुढारी. मग तो पाड्यावर कशाला चढेल? फॉरेस्टच्या ऑफिसात फोन केला की बातमी तयार. म्हणून शब्दही ऑफिसचाच येतो : 'अतिक्रमण हटवले'.

हा शब्द साधा नाही. 2006 चा वनहक्क कायदा सुरुवातीलाच सांगतो की आदिवासींवर ऐतिहासिक अन्याय झाला. 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून जो पोटासाठी जमीन कसतो, त्याचा हक्क हा कायदा मानतो. कलम 4(5) सांगतं, दाव्याची तपासणी पुरी होईपर्यंत कोणाला हटवायचं नाही. म्हणजे तपासणी व्हायच्या आत नागली उपटली तर कायदा मोडणारा उपटणारा. पेपरात मात्र चोर आपण. मोर्चा काढला तर 'वाहतूक विस्कळीत' एवढंच छापतात. का काढला, ते कोणी विचारत नाही.

नुसतं रडून भागणार नाही. प्रत्येक पाड्यावर लिहिता येणाऱ्या एका पोराने वही ठेवावी. फॉरेस्टवाले आले की तारीख, वेळ, गार्डाचं नाव, पीक कोणतं, नुकसान किती, पंचनाम्याची नक्कल दिली की नाही, सगळं लिहा. पाच जणांची सही नाहीतर अंगठा घ्या. एक प्रत ग्रामसभेला, एक वार्ताहराला, एक आमच्याकडे. दिल्याची पोच घ्या. वार्ताहर आला तर आधी बांधावर न्या, मग बोला. म्हाताऱ्यांना बोलू द्या. त्यांचा लेखी जबाब वनहक्काच्या दाव्यातही पुरावा धरतात.

खोटं छापलं तर गावाच्या सहीने संपादकाला पत्र लिहा. त्याने नाही छापलं, तर ते पत्र आपण इथे छापू.

जिंदाबाद!