ठाण्याला न्या म्हणणाऱ्यांनो

आमच्या आंबिवलीकडं काय नि कल्याण-डोंबिवलीत काय, कुणी जरा वेगळं बोललं की लोक हसून म्हणतात, "याला ठाण्याला न्या रे!" ठाण्याचं मनोरुग्णालय 1901 सालचं. शंभरावर वर्षं तिथं आजारी माणसं औषधपाणी घेतायत आणि आपण त्या गावाच्या नावाची शिवी करून ठेवली. मला या गमतीचा राग येतो. का, ते सांगतो.

माझे आबा भातशेती करायचे. कधी दोन-दोन महिने त्यांना झोप नसायची. मध्यरात्री खाचरात उतरून बांध घालायचे, एकटेच मोठ्यानं बोलायचे, कणगीतलं भात येईल त्याला वाटून टाकायचे. मग तेच आबा दिवसचे दिवस पडवीत भिंतीकडं तोंड करून पडायचे. जेवण नको, अंघोळ नको. गाव म्हणायचं, कामचुकार आहे. कुणी म्हणायचं, बाहेरचं लागलंय. पण माझा दहावीचा फॉर्म भरायचा होता तेव्हा हाच माणूस अंथरुणातून उठून कल्याणपर्यंत पायी गेला. आई तापानं फणफणली तेव्हा पाच रात्री तिच्या उशाशी बसला. आजारानं आबांची झोप नेली, उमेद नेली. लेकरांवरची माया काही नेली नाही. 'वेडा बाप' म्हणणाऱ्यांना एवढं दिसलं नाही.

नातेवाइकांनी भगत आणला. धुरी झाली, कोंबडं झालं, आबांच्या पाठीवर वळ उठले. ठाण्याचं नाव काढलं की वडीलधारे म्हणायचे, "पोरींची लग्नं व्हायचीत अजून." लोकलच्या एवढ्याशा प्रवासाला सात वर्षं गेली, ती या एका भीतीपायी. शेवटी आईच त्यांना घेऊन निघाली. डॉक्टरांनी विचारपूस केली, गोळ्या दिल्या, महिन्यानं परत बोलावलं. संध्याकाळी आबा घरी. कुणी कोंडलं नाही, बांधलं नाही. आजार मुळापासून गेला नाही, पण झोप आली. त्या पावसाळ्यात आवणीला आबा आमच्यासोबत चिखलात होते.

कुणी म्हणेल, तो काळ वेगळा होता. खरंय, तेव्हा 1912 चा कायदा होता आणि तोही अशा माणसाला वेडाच म्हणायचा. आता 2017 चा मानसिक आरोग्य कायदा आहे, 29 मे 2018 पासून लागू झालेला. उपचार हा हक्क आहे, रुग्णाला साखळीनं बांधायला बंदी आहे, विमाही शरीराच्या आजारासारखाच द्यायचा आहे. भूत उतरवतो म्हणून मारहाण करणं आपल्या राज्यात 2013 पासून गुन्हा आहे. असे कायदे उगाच होत नाहीत. ऑगस्ट 2001 मध्ये तमिळनाडूत एरवाडीला आग लागली आणि साखळ्यांनी बांधलेले पंचवीसहून जास्त रुग्ण जळून मेले. त्यांना पळताच आलं नाही.

पण कायद्यानं लोकांची जीभ बदलत नाही. साखरेची गोळी आपण चारचौघांत खातो, मनाच्या आजाराची डब्यात लपवतो. ती लपवायला लावणारे आपणच. रस्त्यासाठी, नळासाठी नगरसेवकाच्या दारात जाता ना? मग जवळच्या दवाखान्यात या गोळ्या का मिळत नाहीत, हेही विचारा. टेली-मानसचा 14416 हा सरकारी नंबर फुकट आहे, रात्रीबेरात्रीही लागतो. तो देवळाच्या, शाळेच्या भिंतीवर लिहा. आणि 'ठाण्याला न्या' म्हणायचंच असेल तर हसत म्हणू नका. तिकिटाचे पैसे काढा आणि त्या घरच्या बाईसोबत तुम्हीही गाडीत बसा.