पिकअप खराब नाही, वायर उलटी आहे!

आपल्या कॉलेजात गिटारवाले दोन जातींचे. पहिल्या जातीला नॉप्फ्लरचे सगळे सोलो तोंडपाठ, पण गिटारचा पिकगार्ड उघड म्हटलं की हात थरथरतात. दुसरी जात व्हायवाला १८० डिग्री फेज शिफ्टवर अर्धा तास बोलेल, पण तोच फेज शिफ्ट समोर वाजत असेल तर ओळखणार नाही. म्युझिक क्लबच्या मागच्या मीटिंगमध्ये या दोन्ही जातींचं एकमत झालं की जुनी गिटार काढून टाकायची आणि नवीन घ्यायची. माझा याला साफ विरोध आहे, आणि मीटिंगमध्ये मला कुणी बोलू दिलं नाही म्हणून इथे लिहितोय.

भानगड अशी. क्लबची स्ट्रॅटोकास्टर पद्धतीची, तीन पिकअपची गिटार आहे. मधल्या पिकअपची कॉइल तुटली, एका दुकानात नवीन पिकअप बसवून घेतला. तेव्हापासून स्विचच्या १, ३ आणि ५ या जागी, म्हणजे एकेकटा पिकअप चालू असताना, आवाज झकास. २ आणि ४ वर दोन पिकअप एकत्र आले की आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा, आणि वर खूप बारीक. दुकानदार म्हणाला, "पिकअपच खराब निघाला, तसं पण गिटार जुनीच झालीय." आमचे दादा लोक म्हणाले, "हो ना, आउट ऑफ फेजच वाजतेय." पुढे कुणी विचारलंच नाही की आउट ऑफ फेज म्हणजे नक्की काय.

म्हणजे थोडा इतिहास आलाच. स्ट्रॅटोकास्टर १९५४ साली बाजारात आली तेव्हा स्विच तीनच खाचांचा होता. वादकांनी स्विचचा दांडा दोन खाचांच्या मधेच अडकवून बघितला, तर दोन पिकअप एकदम चालू झाले आणि एक पोकळ, किंचित नाकातला, घंटेसारखा आवाज निघाला. फेंडरने पाच खाचांचा स्विच दिला तो थेट १९७७ मध्ये. पुढच्या वर्षी आलेलं डायर स्ट्रेट्सचं 'सुलतान्स ऑफ स्विंग' ऐका, म्हणजे हा मधला आवाज काय चीज आहे ते कळेल. या आवाजाला बरेच लोक आउट ऑफ फेज म्हणतात, आणि तिथेच घोळ आहे. नीट जोडलेल्या स्ट्रॅटमध्ये २ आणि ४ वर दोन्ही पिकअप चक्क इन फेज असतात, पॅरलल जोडलेले.

मग तो पोकळपणा येतो कुठून? गणित बारावीचं आहे. स्ट्रॅटच्या तारेची लांबी साधारण ६४८ मिमी. ब्रिजपासून नेक पिकअप १६२ मिमीवर, म्हणजे बरोबर पाव लांबीवर, आणि मधला साधारण ९८ वर. कुठल्याही हार्मोनिकची त्या जागेवरची उंची म्हणजे साइन. मोकळ्या तारेचा पाचवा हार्मोनिक घ्या. नेकला साइन २२५, म्हणजे उणे ०.७१. मधल्याला साइन १३७, म्हणजे अधिक ०.६८. बेरीज जवळजवळ शून्य! दोन्ही पिकअप सरळ जोडलेले असूनही तो एक हार्मोनिक गायब. पहिला, म्हणजे मूळ स्वर, मात्र दोघांकडेही अधिक आहे, ०.७१ आणि ०.४६, म्हणून भरदारपणा टिकतो. आता एकाची वायर उलटी करा. मूळ स्वर ०.७१ वजा ०.४६, म्हणजे १.१७ वरून ०.२५ वर, जवळजवळ १३ डीबी खाली. आणि पाचवा हार्मोनिक दुपटीने उसळला. हाच तो पत्र्याचा डबा. (फ्रेटवर बोट ठेवलं की तारेची लांबी बदलते आणि हे सगळे आकडे सरकतात, म्हणून एकच पोझिशन मानेच्या वर आणि खाली वेगळी वाजते.)

थोडक्यात, आपल्या गिटारमध्ये खराब काहीही नाही. उलटं मात्र आहे.

हे उलटं कुठे झालंय ते शोधायला फक्त कान पुरतात, आणि मला या सगळ्यातला सर्वांत सुंदर भाग हाच वाटतो. पिकअपच्या सिग्नलची दिशा दोन गोष्टींवर ठरते, चुंबकाची बाजू आणि कॉइलची दिशा. मेन्सची ५० हर्ट्झची घूंघूं मात्र फक्त कॉइलवर ठरते, तिला चुंबकाशी देणंघेणं नाही. गिबसनसाठी सेथ लव्हरने हमबकर काढला तो याच भांडवलावर. दोन कॉइल, दोन्हींत चुंबक आणि वाइंडिंग एकमेकांच्या उलट, त्यामुळे सूर बेरजेत आणि हम वजाबाकीत. म्हणून २ नंबरवर आवाज बारीक आणि हमही कमी झाला, तर चुंबक सारखे आहेत, कॉइल उलट्या. आवाज बारीक पण हम तसाच राहिला, तर कॉइल एका दिशेच्या, चुंबक उलटे.

आपल्या गिटारला हम तसाच आहे. मी होकायंत्र धरून पाहिलं, मधल्या पिकअपचा ध्रुव खरोखर बाकी दोघांच्या उलट निघाला. म्हणजे बसवलेला पिकअप हा मुद्दाम उलट चुंबकाचा, उलट वाइंडिंगचा, हम मारण्यासाठीच बनवलेला आहे, आणि दुकानात त्याच्या दोन वायरी अदलाबदल होऊन लागल्या. त्या दोन वायरी बदलल्या की २ आणि ४ वर आवाज भरेल आणि वर हमही जाईल. गॅदरिंगच्या हॉलमध्ये लाइटच्या डिमरमुळे दरवर्षी जी बोंब होते ती आठवा, मग याची किंमत कळेल.

खात्री करायची असेल तर लॅबमधला काट्याचा जुना मल्टीमीटर आणा, डिजिटल नको. गिटारच्या जॅकला लावा, एकेक पिकअप निवडा, पोलवर स्क्रूड्रायव्हर टेकवा आणि झटकन उचला. दोघांचा काटा एकाच बाजूला उडाला तर इन फेज, विरुद्ध उडाला तर नाही. पत्र्याचं कव्हर असलेल्या पिकअपवर मात्र आंधळेपणाने वायरी बदलू नका. कव्हर ग्राउंडला जोडलेलं असतं, ते हॉट होऊन बसेल. आपल्याकडे प्लास्टिकचं कव्हर आहे, प्रश्न नाही.

आता काही जण म्हणतील, उलटाच राहू दे, वेगळा आवाज आहे. त्यांच्या बाजूने पीटर ग्रीन उभा आहे. फ्लीटवूड मॅकच्या या वादकाच्या १९५९ च्या लेस पॉलमध्ये नेक पिकअपचा चुंबक उलटा होता. लोक वर्षानुवर्षं सांगत राहिले की त्याने पिकअप काढून उलट तोंडाने बसवला म्हणून तसा आवाज येतो. जागेवर गोल फिरवल्याने फेज बदलत नाही हो! ती गिटार पुढे गॅरी मूरकडे गेली आणि २०१४ पासून मेटॅलिकाच्या कर्क हॅमेटकडे आहे. चुंबक अजून कुणी सरळ केला नाही. ब्रायन मे तर आणखी पुढचा. त्याने १९६३ मध्ये वडिलांबरोबर घरी गिटार बनवायला घेतली आणि प्रत्येक पिकअपला वेगळा फेज स्विचच लावला. (त्याचा गायक फ्रेडी मर्क्युरी पाचगणीच्या शाळेतला, हे आपल्या लोकांना सांगितल्याशिवाय राहवत नाही.)

पण लेस पॉलला दोन पिकअपचे दोन व्हॉल्यूम असतात. एक थोडा कमी केला की वजाबाकी अर्धवट होते आणि आवाजात जीव येतो. स्ट्रॅटला व्हॉल्यूम एकच, त्यामुळे वजाबाकी होते ती पुरती. सोलोला चार ओळी चालेल, कॉर्ड वाजवायला हा आवाज निरुपयोगी आहे असं माझं स्पष्ट मत. हौसच असेल तर टोनच्या जागी पुश-पुल पॉट टाकू आणि उलट्या पिकअपच्या मालिकेत एक छोटा कपॅसिटर, म्हणजे खालचे स्वर वजा होणार नाहीत. पण ते नंतर.

क्लबच्या वर्षभराच्या पैशांत त्या नव्या गिटारनंतर ड्रमच्या कातड्यालासुद्धा काही उरत नाही. पुढची मीटिंग मंगळवारी आहे. सोमवारी चारनंतर इलेक्ट्रॉनिक्स लॅब मोकळी असते, सोल्डरिंग आयर्न तिथे आहेच. मी गिटार घेऊन येतोय. ज्यांना पिकअप खराब वाटतो त्यांनी जरूर यावं, काटा त्यांनीच वाचावा.